अर्धी अर्धी खूण

परवान्याच्या कचेरीतली बाई नवे नियम सांगायला आली, तेव्हा लिलावाच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मी पुढच्या बाकावर बसले होते. खेकडे धरायचा आमच्या घरचा परवाना माझ्या नावावर आहे, तेव्हा मागे उभं राहायचं मला काही कारण नाही.

बाई वयाने माझ्या सुनेएवढी. म्हणाली, "हंगाम संपेल त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत प्रत्येकाने आपले सगळे पिंजरे पाण्याबाहेर काढायचे. दुसऱ्या दिवशी आमची बोट समुद्राचा तळ तपासेल. ज्याच्या खुणेचा पिंजरा खाली सापडेल, त्याचा परवाना रद्द."

"आणि दोर तुटून हरवला असेल तर?" मागून भोंग्याने विचारलं. हा आमचा शेजारी. कुजबुजला तरी पलीकडच्या धक्क्यावर ऐकू जातं, म्हणून भोंगा.

"तर मुदतीच्या आत आम्हाला जागा सांगायची. मग कारवाई नाही, पिंजरा आम्ही काढू. जागा मात्र नकाशावर लागेल. आणि पुढच्या हंगामापासून प्रत्येक दोराला पाण्यावर तरंगणारा बोया हवाच."

"म्हणजे आमची जागा तुम्ही चव्हाट्यावर टांगणार," मी म्हणाले.

"मावशी, टाकून दिलेला पिंजरा काम थांबवत नाही. आत खेकडा मरतो, त्याच्या वासाने दुसरा येतो, तोही मरतो. हे चालूच राहतं."

"मेलेला खेकडा अजून कुणाच्या कचेरीत तक्रार घेऊन गेलेला नाही."

शेडभर हशा पिकला. बाई हसली नाही, आणि माझा थोरलाही हसला नाही. बाहेर आल्यावर तो हळूच म्हणाला, "आई, धाकट्याची माळ."

धाकटा भावाशी भांडून वेगळा झाला तेव्हा जाताना निम्मे पिंजरे घेऊन गेला. प्रत्येकावर आमचा लाल पट्टा आणि दोन खाचा, म्हणजे परवान्यावर आहे तीच खूण. एका हंगामातच त्याने धंदा सोडला, होडी विकली आणि बर्फाच्या कारखान्यात लागला. एका दोरात ओवलेली पिंजऱ्यांची माळ त्याने तशीच समुद्रात सोडली. मी कारण विचारलं नाही. रागाने सोडली असणार, असं मी ठरवून टाकलं होतं, आणि मी एकदा ठरवलं की ते आमच्या घरात ठरतं.

त्या माळेला बोया नव्हता. आमच्या घरात दूरच्या जागेवर बोया लावतच नाहीत. हे हयात होते तेव्हा ह्यांचं म्हणणं असे, की पाण्यावर बोया तरंगत ठेवणं म्हणजे घरावर 'आत सोनं आहे' अशी पाटी लावणं. दोर तळाशी पडू द्यायचा, किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून जागेवर यायचं आणि लोखंडी आकडा ओढून दोर पकडायचा.

आठवडा गेला. तो आपणहून येईल म्हणून मी वाट पाहिली. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते कुणाला उद्देशून म्हणतात हे माझी सून तोंडाने सांगत नाही, भांडी आपटून सांगते. शेवटच्या दिवशी दुपारची जेवणं झाल्यावर मी उठले आणि बर्फाच्या कारखान्यात गेले.

धाकटा लाद्या ढकलत होता. मला पाहून त्याने हातमोजे काढले.

"माळ कुठे आहे?" मी विचारलं.

"आधी कसा आहेस विचारायचं असतं, आई."

"दिसतोयस की उभा. माळ कुठे आहे?"

त्याने लादी पायाने सरकवली. "मला माहीत नाही."

"टाकताना माहीत होतं ना?"

"तेव्हाही नव्हतं." मग एका दमात बोलला, "बाबांनी मला एकच रेघ दिली. दुसरी दादाला दिली. मी दुसरी अंदाजाने धरली. परत गेलो तर काही हाताला लागेना. चार वेळा गेलो. एकटा माणूस सुकाणू धरेल, खूण बघेल की आकडा ओढेल?"

"मग दादाला विचारायचंस."

"तुम्ही विचारलं असतंत?"

ह्यांनी पोरांना जागा शिकवली ती अर्धी अर्धी. दोन खुणा एकामागे एक दिसल्या की एक रेघ होते, आणि अशा दोन रेघा छेदतात तिथे जागा. एक रेघ एकाला, दुसरी दुसऱ्याला, म्हणजे दोघांना एकाच होडीत बसावं लागेल. मला तर एकही दिली नाही. बायकोच्या पोटात राहत नाही म्हणाले. ह्या बायकोच्या पोटात काय काय राहिलंय ते त्यांना कळलं असतं तर होडीतून पडले असते.

"चल," मी म्हणाले. "मालकाला सांग, आई आजारी आहे."

"समोर उभ्या आहात तुम्ही."

"मग सांग, आई आली आहे. समजेल त्याला."

धक्क्यावर थोरला इंजिन चालू करून बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि 'दोर धर' याशिवाय शब्द निघाला नाही. मीही होडीत चढले. नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

वारा वाढला होता. लाटा आडव्या येत होत्या. धाकटा मागे तोंड करून किनाऱ्याकडे बघत "डावीकडे, अजून, बस" म्हणायचा. थोरला उजवीकडे कुठेतरी बघून "अजून पुढे" म्हणायचा. कोण कशाकडे बघतोय ते एकमेकांना सांगत नव्हते. दोघांच्या मध्ये बापाने घातलेली भिंत, तीही भर समुद्रात.

"इथे," थोरला म्हणाला.

आकडा टाकला, ओढला. रिकामा. पुन्हा टाकला. शेवाळ आलं.

"इथेच असायला हवी."

"इथे असती तर मला सापडली असती," धाकटा म्हणाला. "इथून आतलं सगळं मी धुंडाळलंय, म्हणजे चुकलो ते बाहेरच्या बाजूला. माझी रेघ सोडू नकोस, सरळ बाहेर चल."

"बाहेर खडक आहेत."

"माहीत आहे, दादा."

ते 'दादा' ऐकून थोरल्याने सुकाणू वळवलं. सूर्य खाली चालला होता. माझी नजर एकदा त्याच्याकडे, एकदा दोराकडे. आकडा तळाला घासत येत होता, त्याचा थरथराट फळ्यांतून माझ्या पायांना कळत होता. अचानक होडीला हिसका बसला.

"लागला," धाकटा म्हणाला.

दोघं ओढू लागले. पहिला पिंजरा वर आला, शेवाळाने मढलेला, पट्टा जेमतेम लाल. आत रिकामी कवचं खच्चून भरली होती, आणि त्या ढिगावर एक जिवंत खेकडा हलत होता. काड्यांसारखे पाय झालेले. पुढच्या पिंजऱ्यात तेच, त्याच्या पुढच्यात तेच. आमिष कुणी घातलं नव्हतं. आमिष तेच होते. शेडमध्ये केलेला विनोद मला आठवला. मी एकेक दार उघडून जिवंत होते ते पाण्यात सोडत गेले. पोरांनी पाहिलं.

शेवटचा पिंजरा येईना.

"खडकात अडकलाय," थोरला म्हणाला. त्याने दोर खुंट्याला बांधला आणि इंजिनला जोर दिला. होडीचं तोंड खाली गेलं. पाणी काठावरून आत आलं, माझ्या गुडघ्यांपर्यंत. त्याने अजून जोर दिला.

"दादा, उलटेल."

"एक राहिला तरी परवाना जातो. एकच पुरतो त्यांना."

दोर काठावर घासून करकरत होता. पुढची लाट आली ती थेट माझ्या मांडीवर. परवाना माझा होता. होडीत पोरंही माझीच होती.

"काप," मी म्हणाले.

थोरल्याने ऐकलं न ऐकलंसं केलं. धाकट्याने सुरी चालवली. होडी अशी उसळली की आम्ही तिघं एकमेकांवर पडलो.

"आता?" थोरला उठत म्हणाला.

"आता धक्क्यावर चल. सूर्य बघ."

धक्क्यावर परवान्याची बाई एका खोक्यावर नकाशा पसरून बसली होती. भोवती भोंग्यासकट निम्मी वस्ती उभी. सूर्याची कड अजून पाण्यावर होती. मी भिजलेली, तशीच तिच्यापुढे गेले.

"एक पिंजरा खाली राहिलाय," मी म्हणाले.

"जागा?"

मी पोरांकडे पाहिलं. दोघंही खाली बघत होते. आजूबाजूला इतकी शांतता झाली की भोंग्याचा श्वास ऐकू येत होता. ह्यांनी जन्मभर जपलेली जागा, आणि ऐकायला सगळे कान टवकारून.

"धाकट्या, तू आधी," मी म्हणाले.

तो एकदा थोरल्याकडे वळला, मग बोलला. "बर्फाच्या कारखान्याची चिमणी डोंगराच्या खाचेत बसवायची. बसली की तीच रेघ धरून बाहेर."

बाईने पट्टीने रेघ मारली.

"थोरल्या."

"दीपगृह बेटाच्या टोकाला चिकटलं की आमची जागा. पिंजरा तिच्या थोडा बाहेर आहे. दीपगृह टोकापासून सुटून मोकळं दिसतं तिथे."

दुसरी रेघ पहिलीला छेदून गेली. थोरला त्या फुलीकडे बघत राहिला. "चिमणी," तो धाकट्याला म्हणाला. "मला वाटायचं, तू पाण्याच्या टाकीकडे बघतोस."

"मला वाटायचं, तू ढगांकडे बघतोस."

ह्यांच्याबरोबर एवढा संसार केला, आणि ती जागा कुठे ते मला त्या क्षणी कळलं, अख्ख्या धक्क्याबरोबर.

बाईने फुलीपाशी पेन थांबवलं. "पिंजरा कुणाचा लिहू? माळ धाकट्याने टाकली होती, असं शेडमध्ये कुणी तरी बोललं."

भोंगा आभाळाकडे बघू लागला.

"वर आलेत त्यांच्यावरची खूण बघा," मी म्हणाले. "आमच्या घरचा लिहा."

तिने माझा परवाना मागून घेतला, त्यावर लिहिलं, वेळ घातली, शिक्का मारला. परवाना माझ्या ओल्या हातात परत आला तेव्हा सूर्य गेलेला होता. भोंगा अजून डोंगराच्या खाचेकडे डोळे बारीक करून बघत होता.

"नीट बघून ठेव," मी त्याला म्हणाले. "पुढच्या हंगामात तिथे येशील तेव्हा बोया लाव. नियम आहे."

मागे वळले तर पोरं पिंजरे उतरवत होती. थोरला होडीतून देत होता, धाकटा धक्क्यावर रचत होता.