पानांचा घागरा

हसतील त्यांचे दात दिसतील, ही म्हण लक्ष्मीकांत सिद्दीनं जरा जास्तच मनावर घेतली होती. हसणारा माणूस मारत नाही, असा त्याचा पक्का समज. आणि खोटं कशाला बोला, लखनौत येऊन तेवीस वर्षं झाली तरी तो समज एकदाही खोटा पडला नव्हता.

माणूस कर्नाटकातल्या हल्याळकडचा. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेली माणसं गोव्यातून जंगलात पळाली, त्यांचा हा वंश. रंग काळा कुळकुळीत, केस घट्ट कुरळे आणि बोलणं आपल्यासारखं मराठी. अडथळ्यांच्या शर्यतीत पळायचा म्हणून खेळाडूंच्या कोट्यातून रेल्वेत लागला आणि मानक नगरच्या क्वार्टरमध्ये त्यानं संसार मांडला. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये कुणीतरी विचारलं, "पासपोर्ट कहाँ है?" हा म्हणाला, "मगर खा गया, साहब." सगळं कँटीन हसलं. झालं, गड्याला वाट सापडली.

मराठी मंडळाच्या गणपतीतही हीच वाट. घरात वडिलांचा दमाम होता, कातड्यानं मढवलेला लांबट ढोल, वर्षातून एकदा पितरांपुढे वाजवायचा. मंडळाचे सेक्रेटरी देवस्थळी, बँकेतले, मोठे हौशी गृहस्थ. ते म्हणाले, "लक्ष्मीकांतराव, तुमचं काहीतरी आफ्रिकन होऊन जाऊ दे की!" आता आफ्रिका याच्या पणजोबानंही पाहिली नव्हती. पण यानं अशोकाच्या पानांचा घागरा केला, थर्माकोलची हाडं गळ्यात घातली, तोंडावर चुन्याचे पट्टे ओढले, घरचा दमाम एकाला बडवायला दिला आणि भाला घेऊन स्टेजवर उडी मारली. पुढे दरवर्षी तेच. आचाऱ्याचं मोठं पातेलं आणायचं, मंडळातल्या एखाद्या पोराला त्यात बसवायचं आणि जिभल्या चाटत भोवती नाचायचं, ही युक्ती तर त्याची स्वतःची. पोरं खिदळत पातेल्यात बसायला रांग लावायची.

"पितरांचा ढोल आहे तो," लीलावती, त्याची बायको, दर वर्षी बजावायची. "खेळणं नव्हे."

"पितर पण हसतील गं," हा म्हणायचा.

त्यांची एकुलती एक नेत्रा लखनौतच जन्मली. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत. बारा वर्षांची झाली तेव्हापासून ती मंडळात यायची बंद झाली. "पापा, आप जोकर लगते हो," ती तोंडावर म्हणायची. त्याला लागायचं ते, पण दाखवायचा नाही. "अगं, जोकराला कुणी दगड मारतं का?"

ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा ऑगस्टमध्ये शहरभर मोबाईलवर अफवा फिरू लागल्या. मुलं पळवणारी टोळी आली आहे, काळी परदेशी माणसं आहेत, पोरांचे अवयव काढतात, कुणी म्हणे खातात. लक्ष्मीकांतनं ते सगळे मेसेज वाचले. स्वतःचं काय, तो निभावून नेईल. पोरगी हसत नाही, तीच तर भीती.

"कुणी अडवलं तर चिडू नकोस," निशातगंजला पुस्तकं आणायला निघालेल्या नेत्राला त्यानं दारात सांगितलं. "हसून काहीतरी बोल आणि निघ."

तिनं चप्पल घातली आणि गेली.

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यानं कळलं. भर दुपारी बाजारात एक तीन वर्षांचं पोर रडत उभं होतं. नेत्रानं खाली वाकून त्याचा हात धरला आणि विचारलं, मम्मी कहाँ है? तेवढंच. मागून कुणीतरी ओरडलं, "बच्चा चोर!" बघता बघता शंभर माणसं जमली. ती सांगत राहिली, भैया, मैं यहीं की हूँ, पापा रेलवे में हैं. तिनं आधार कार्ड दाखवलं, तर म्हणे नकली आहे. मग गर्दीपलीकडे मिठाईच्या दुकानात तिला देवस्थळी दिसले. "काका!" ती ओरडली. जन्मात पहिल्यांदा तिनं मंडळातल्या कुणाला मराठीत हाक मारली. "काका, सांगा ना यांना!"

आणि देवस्थळी आले. भले गृहस्थ, पळाले नाहीत. चार दिवसांनी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मोसंब्यांची पिशवी धरून त्यांनीच हे सांगितलं.

"मी म्हटलं, अरे, मी ओळखतो हिला. हिचे वडील आमच्या मंडळात नाचतात, फार गमतीशीर माणूस आहे. कुणी ऐकेचना. म्हणून मी मोबाईलवर तुमचा व्हिडिओ लावून दिला, गेल्या वर्षीचा." पिशवी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली. "मला वाटलं, हसतील हो."

पण गर्दीनं काय पाहिलं? भाला पाहिला, हाडं पाहिली, पातेल्यातलं पोर पाहिलं आणि भोवती जिभल्या चाटत नाचणारा काळा माणूस पाहिला. मोबाईल या हातातून त्या हातात गेला. देवस्थळींना कुणीतरी मागे ढकललं. पोलीस यायला वीस मिनिटं लागली.

लक्ष्मीकांतला देवस्थळींचा गळा धरावासा वाटला. पण धरणार कसा? मला वाटलं हसतील, हे तर त्याचंच वाक्य होतं.

"एक विनंती होती," देवस्थळी खाली बघत म्हणाले. "जबाबात मंडळाचं नाव नाही आलं तर... गणपती तोंडावर आलेत."

"असू द्या हो, असू द्या," लक्ष्मीकांत म्हणाला आणि तेवीस वर्षांच्या सवयीनं हसला.

"दात काढू नका!" लीलावती केवढ्यानं तरी ओरडली. नर्स धावत आली. लीलावतीनं मोसंब्यांची पिशवी देवस्थळींच्या हातात परत कोंबली, दरवाजाकडे बोट केलं आणि मग भिंतीला टेकून रडत बसली.

लक्ष्मीकांत आत गेला. नेत्राच्या डोक्याला पट्टी होती, मनगट प्लास्टरमध्ये. डावा कान कायमचा गेला, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. तो डावीकडच्या स्टुलावर बसून काहीतरी बोलला. ती छताकडेच बघत राहिली. मग त्याच्या लक्षात आलं. उठून तो उजव्या बाजूला गेला.

"पोलिसांनी मला तुझा जबाब वाचून दाखवला," तो म्हणाला. "बाजारातल्या त्या लोकांनी तुला व्हिडिओ दाखवून विचारलं होतं, हा तुझा बाप का म्हणून."

"हाँ."

"आणि तू हो म्हणालीस."

"हाँ."

"नाही म्हणायचं होतंस गं, माझे बाई!" त्याला रडू आवरेना. "सांगायचं, ओळखत नाही या माणसाला. एवढं काय जड होतं? तुला तर तो नाच कधीच आवडला नाही. लाज वाटायची ना तुला? मग तेव्हाच कशाला हो म्हणालीस?"

नेत्रानं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ओठ सुजलेले होते, बोलणं सावकाश यायचं.

"कैसे मना करती, पापा? वो आप ही तो थे."