पुतळाबाईची हाक

बिरूनं फोन हातात घेतला आणि आधी तो तळहातावर तोलून पाहिला, बाजारात कोकरू तोलावं तसा. मग उलटा केला, पाठ पाहिली, काचेवरून अंगठा फिरवला.

"वजनाला बरा हाय," तो म्हणाला. "हलकी चीज टिकत न्हाय."

"वजन सगळं बॅटरीचं आहे, आबा. एकदा चार्ज केला की चार दिवस बघायला नको, असं दुकानदार म्हणाला."

"दुकानदार तर म्हननारच."

"मग तीन धरा," रत्नमाला म्हणाली.

गंगापूरच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला, कापूस वेचून मोकळ्या झालेल्या रानात त्यांच्या मेंढरांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे काठ्यांना बांधलेलं जाळ्याचं कुंपण, त्याला लागून ताडपत्रीचं पाल आणि पालापुढं तीन दगडांची चूल. वीज लागली तर शेतमालकाच्या मोटारीच्या खोलीपर्यंत जायचं, तीही असली तर. असल्या जागी जास्त टिकणारा फोन मागण्यात नवल नव्हतं. नवल होतं ते बिरूनं काही मागण्याचं.

रत्नमालाच्या मायला, पुतळाबाईला, जाऊन महिना व्हायचा होता. तापाचं निमित्त झालं. रानातून गंगापूर, गंगापुरातून शहर आणि शहरातून पांढऱ्या चादरीत परत. तेराव्यानंतर रत्नमाला शहरात, छावणी भागातल्या आपल्या घरी गेली, शाळेत शिकवायला लागली, आणि एक दिवस धाकट्या आदिनाथचा फोन आला. "आक्का, आबाला मोठा फोन पाहिजे म्हनतेत. लई दिस टिकंल असा. आन आवाज मोठा पाहिजे."

तिला बरं वाटलं होतं. एकटं पडलेलं माणूस बोलायला साधन मागतं आहे, असा तिनं अर्थ लावला. पैठण गेटजवळच्या दुकानात ती उभी राहिली तेव्हा संध्याकाळी आबांशी काय काय बोलायचं, तेही तिच्या मनात तयार होतं.

"किसके वास्ते होना मॅडम?" दुकानातल्या माणसानं विचारलं होतं.

"वडिलांसाठी. मेंढ्या असतात त्यांच्या. रानात राहतात."

"फिर कॅमेरा-विमेरा छोडो. बॅटरी देखो, और आवाज सुनो." त्यानं एक कव्वाली पूर्ण आवाजात सोडली. समोरच्या दुकानातून कोणीतरी ओरडलं, "अबे कम कर ना रे!" तो खुलला. "सुना? उधर तक गया."

त्या रात्री तिनं तो फोन स्वतः वापरून पाहिला. पडद्याचे रंग फिके होते. कॅमेरा माणसाच्या तोंडावरच्या सुरकुत्या पुसून टाकायचा. एका बोटाच्या कामाला दोनदा दाबावं लागायचं, आणि मधूनच कर्जाच्या जाहिराती यायच्या. पण झोपताना तिनं पाहिलं, तर बॅटरीचा आकडा जेमतेम हलला होता. तिचा स्वतःचा महागाचा फोन दुपारीच मान टाकायचा. ज्याला फार काही येत नाही पण जो सोडून जात नाही, अशा माणसाबद्दल वाटावा तसा विश्वास तिला त्या फोनबद्दल वाटला.

आज सकाळी गंगापूरच्या स्टँडवर आदिनाथ मोटारसायकल घेऊन आला होता. वाटेत त्यानं सगळं सांगितलं. शेंद्र्याच्या कंपनीतली त्याची रजा संपली होती. मोठी मेंढरं आपल्या कळपाबरोबर चारायला चुलता बद्रीनाथ तयार होता, पण कोकरं सांभाळायला त्याच्याकडं माणूस नव्हतं. कोकरं वाड्याजवळच राहतात, बांधावर चरतात आणि दिवस मावळताना त्यांना गोळा करून जाळ्यात घालावं लागतं. ते काम पुतळाबाईचं होतं. बिरूचा गुडघा गेलेला. कोकरं त्याला दाद देत नव्हती. एकदा उसात शिरली, एकदा दोन कोकरं लांडग्यानं नेली.

"परवा व्यापारी गाडी घेऊन येतोय," आदिनाथ म्हणाला होता. "समदीच देऊन टाकू. तू आबाला समजाव. तुझं ऐकतेत."

तो तिला वाड्यावर सोडून मेंढरांमागं निघून गेला. म्हणून आता ती आणि बिरू असे दोघंच पालापुढं बसले होते, आणि समजवायचं कसं याचा विचार करत ती फोनच्या खोक्याची घडी घालत होती.

"आता यात तुझ्या मायचा आवाज घालून दे," बिरू म्हणाला.

तिचा हात थांबला.

"दिवाळीला तू शूटिंग काढलं व्हतं. ती कोकरांला हाका मारती ते. हाय का मोडलं?"

"आहे."

"मंग झालं तर. ती हाक लावली की येतील."

"तुम्ही हाक मारा ना आबा."

"मारली की. घसा बसला." त्यानं बांधाकडं हनुवटी केली. तिकडं कोकरं पांगली होती. "माझा आवाज म्हंजे त्यांला औषीद, न्हाय तर बाजार. मी बोलावलं आन कधी कुनाचं भलं झालंय? जवा धरलं तवा एक तर तोंडात नळी घातली, न्हाय तर कान कातरला. ती बोलवायची ते दूध पाजाया."

रत्नमालाला एकदम गावातलं ते रेडकू आठवलं. शेजाऱ्यांच्या म्हशीचं रेडकू मेलं होतं. त्याचं कातडं काढून, आत पेंढा भरून, चार काठ्यांवर ते म्हशीपुढं उभं करायचे. म्हैस त्याला चाटायची आणि पान्हा सोडायची. ते पाहिल्यावर लहानग्या रत्नमालाला भाकरी गेली नव्हती.

"मायचं पेंढ्याचं रेडकू करायचं का आबा?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही, पण शब्द तिच्याच कानाला कडू लागले.

कुत्रं उठलं, जागेवर गोल फिरलं आणि परत बसलं.

"त्या म्हशीचा दोर मी धरायचो," बिरू म्हणाला. "तिला कळत नव्हतं वाटतं तुला? पयल्याच दिशी कळलं तिला. पेंढ्याला काय वास नसतो व्हय? पर सड तटतटल्यालं. सोडाया तिला फुडं कायतरी लागतं."

"मग?"

"मंग काय न्हाय. तुला द्यायचा नसंल तर नको देऊ. माय तुझी हाय."

तो उठला आणि गुडघ्यावर हात टेकत कोकरांकडं निघाला.

ती आपला फोन घेऊन बांधावरच्या बाभळीखाली जाऊन बसली. ते शूटिंग तिनं महिनाभर उघडलं नव्हतं. पुसलंही नव्हतं. आधी आवाज बंद ठेवून पाहिलं. पाठमोरी पुतळाबाई, डोक्यावरून पदर, हात किंचित पुढं, आणि सगळीकडून धावत येणारी कोकरं. मग तिनं आवाज लावला.

जीभ टाळ्याला लावून काढलेला टकटक आवाज, आणि त्यामागून "योऽ योऽ यो बायांनोऽ, या गं माझ्याऽ". शेवटचा सूर वर जाऊन तिथंच राहायचा. धड बोलणंही नव्हे, गाणंही नव्हे. लहानपणी रत्नमालाला या हाकेचा राग यायचा. तिला माय "रत्ने, मर तिकडं, सरपन आन" अशीच बोलवायची. एवढ्या लाडानं माय फक्त कोकरांना बोलावते, असं तिनं एकदा रडून आबांना सांगितलं होतं आणि आबा हसले होते.

शूटिंगच्या शेवटी पुतळाबाई वळली होती. फोन दिसल्यावर पदर ओढून म्हणाली होती, "रत्ने, फोटू नको काढू गं. पदर फाटका हाय." आणि हसली होती.

रत्नमालानं ते पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. आवाज कापून वेगळा करायचा तर ऐकावाच लागत होता. कुठं सुरू होतो, कुठं संपतो ते बोटानं धरावं लागत होतं. बोट दोनदा घसरलं. ऐकता ऐकता तिच्या ध्यानात आलं, की ही हाक तिची नव्हतीच. तिची होती ती फक्त शेवटची ओळ. हाक कोकरांची होती, आणि ती महिनाभर तिनं आपल्या फोनमध्ये कोंडून ठेवली होती.

"रत्ने"च्या आधी तिनं आवाज कापला. हाक बिरूच्या फोनवर पाठवली आणि फाटक्या पदराचं बोलणं आपल्याजवळ ठेवलं.

दिवस उसाच्या फडामागं उतरला तेव्हा ती त्याला दाखवत होती.

"हे चित्र दाबा. हळू. बेल नाही ती."

त्यानं दाबलं. पडद्यावर एक टाय घातलेला हसरा माणूस आला.

"ह्यो कोन?"

"जाहिरात आहे. कर्ज देतो म्हणतो. स्वस्त फोनात येतात."

"मला वळखितो का? हाकलायचा कसा याला?"

"ही फुली दाबा."

"बेस. चटकन गेला. पावन्यापरीस गुनाचा हाय." मग त्यानं विचारलं, "आन आवाज कमी-जास्ती?"

"या बाजूला. वरचं दाबलं की वाढतो, खालचं दाबलं की कमी."

त्यानं दोन्ही बटणं अंगठ्यानं चाचपून ठेवली, अंधारात सापडावीत तशी. जाळ्याची एक बाजू सोडली, तोंडाशी उभा राहिला आणि फोन छातीशी धरून चित्र दाबलं.

पुतळाबाईचा आवाज रानात सुटला.

आधी कुत्रं उठलं. ते धावत बिरूच्या मागं गेलं, पालात शिरलं, बाहेर आलं, परत शिरलं. बांधावर कोकरांची डोकी वर झाली. क्षणभर सगळं थबकलं. मग एक निघालं, त्यामागं चार, आणि मग सगळा बांध हलल्यासारखा झाला. रत्नमाला बाजूला सरली. कोकरं जाळ्याच्या तोंडापर्यंत आली आणि थांबली. बिरूच्या हाताकडं पाहिलं. तोंडाकडं पाहिलं. हाक संपली. कुणी आत जाईना. मागची दोन-तीन तर परत वळू लागली.

"आबा, पुन्हा लावा," ती हळूच म्हणाली.

त्यानं पुन्हा लावली. पण या वेळी त्याचा अंगठा खालच्या बटणावर होता. हाक सुरू झाली तशी तो आवाज उतरवत गेला, आणि स्वतः बोलू लागला. "योऽ योऽ." त्याच्या घशातून ते खरबरीत निघत होतं. सूर तर मुळीच लागत नव्हता. "या बायांनो. या गं." तिचा आवाज खाली, त्याचा वर. पुन्हा लावली, आणखी उतरवली. वासराचं दूध तोडताना त्यात रोज थोडं थोडं पाणी वाढवावं, तसा तो घाई न करता वागत होता. चौथ्या वेळी एक काळ्या तोंडाचं कोकरू पुढं आलं, त्याच्या धोतराला हुंगलं आणि वाकून जाळ्यात गेलं. मग बाकीची गेली.

तीन कोकरं तेवढी उसाकडं पळाली. ती रत्नमालानं आणि कुत्र्यानं वळवून आणली. तिची एक चप्पल चिखलात राहिली.

"किती दिवस लावायचं हे?" तिनं धापा टाकत विचारलं.

"शिकतील तवर." बिरू जाळं बांधत होता. "एक दिस नुसत्या माझ्यावर येतील. न्हाय आली तर बघू."

मेंढरं घेऊन आदिनाथ आणि बद्रीनाथ परत आले तेव्हा अंधार पडत होता. आदिनाथ पुढं धावत आला होता. जाळ्यात उभी असलेली कोकरं त्यानं पाहिली, बापाकडं पाहिलं.

"मला नाल्यापतुर ऐकू आलं," तो म्हणाला. "मला वाटलं…"

"आरं ये की," मागून बद्रीनाथ म्हणाला. "वहिनी हाका मारती आन तू मधीच काय हुबा?" मग वहिनी आता नाही, हे त्याचं त्यालाच आठवलं. त्यानं डोक्याचा पटका काढून तोंड पुसलं.

आदिनाथ बांधाकडं गेला. आपला फोन काढून त्यानं नंबर लावला. रत्नमालाला त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

"चाचा, परवा गाडी नका आनू… न्हाय, भाव चांगलाच लावलाय तुमी… दुसरं गिऱ्हाईक न्हाय हो. शप्पत… आता कसं सांगू तुमाला. आबा ठेवतेत. बद्रीनाना चारनार, आबा कोकरं बघनार… व्हय, जमतंय त्यांला. म्या बघितलं."

बद्रीनाथनं जाळं सोडलं. कोकरं मेंढ्यांत घुसली आणि ओरडण्याचा असा कल्लोळ उठला की माणसाचं बोलणं ऐकू येईना. प्रत्येक मेंढी आपलं कोकरू हुंगून ओळखत होती, परकं ढकलून देत होती. बिरू या सगळ्यातून बाजूला, पालाच्या कडेला उभा होता. त्यानं फोन कानाला लावला होता. आवाज इतका उतरवलेला की कानाशी धरल्याशिवाय कळू नये. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा कुणाशी तरी बोलतो आहे आणि पलीकडचं माणूस बरंच काही सांगतं आहे. मधूनच तो मान हलवत होता.

रत्नमाला त्याच्याकडं निघाली होती, ती तिथंच थांबली.

एक मेंढी आपल्याच कोकराला लाथ मारत होती. रत्नमालानं ओढणी कमरेला बांधली, खाली बसली, मेंढीचा मागचा पाय धरला आणि कोकरू कासेला लागेपर्यंत सोडला नाही.