अडीच फेरे

काटेवाल्यांच्या सुनेची एक जुनी, चौकोनी तोंडाची गाडी होती आणि तिच्यात कारखान्याने दिला त्याच्या दीडपट दम होता. जास्तीचा दम सुनेने स्वतः भरला होता. घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये तिने इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवला, पेट्रोल किती सोडायचं त्याचे तक्ते स्वतः तयार केले, आणि आसपासचे मेकॅनिक तोंडात बोटं घालतील अशी गाडी रस्त्यावर आणली. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात होता. तो भला माणूस, पण त्याला गाडी लागायची. साध्या, सरळ रस्त्यावरसुद्धा लागायची. त्यामुळे तिच्या शेजारी बसायचा मान आपसूक सासऱ्यांकडे आला, आणि सासऱ्यांनी तो नंतर कुणाला मिळू दिला नाही.

सासरे म्हणजे काटेवाले. चाळीस वर्षं त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले. वखारीतले दणकट, औषधवाल्यांचे नाजूक, सोनाराचे तर श्वास सोडला तरी हलणारे. एखादा दुकानदार काटा जरासा आपल्या बाजूला झुकवून द्या म्हणून गळ घालायचा, तेव्हा काटेवाले हत्यारांची पेटी बंद करून सरळ चालू लागायचे. बायको गेल्यावर घर त्यांना खायला उठलं. मुलगा समजूत घालून थकला. सुनेने समजूत वगैरे घातली नाही. एका सकाळी तिने गॅरेजमध्ये एक स्टूल ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, मला एकटीला हात पुरत नाहीत. इथे बसा आणि मागेन ते देत जा." या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. आता कुठला पाना कुठे आहे हे सुनेला ठाऊक नसायचं, त्यांना असायचं.

त्या शनिवारी गाडीची चाचणी होती. जनावरांच्या एका डॉक्टरांनी आपली लांबडी गाडी तिच्याकडे आणून सोडली होती, अगदी तसाच टर्बो बसवून हवा म्हणून. ते तिचं पहिलं मोठं काम. ते करण्याआधी आपल्या गाडीला एकदा लांबच्या चढावर पिळून बघावं असं तिच्या मनात होतं. सकाळी ती ऑइल आणायला गेली, आणि मागे काटेवाल्यांना हुक्की आली की पोरगी यायच्या आत इंजिन लख्ख करून ठेवावं.

पुसता पुसता ते टर्बोपाशी आले. टर्बोच्या कडेला एक छोटं झाकण असतं. दाब ठरलेल्यापेक्षा वाढू लागला की ते उघडतं आणि जादा जोर बाहेर सोडून देतं. त्या झाकणाला एक बारीक रॉड जोडलेला असतो, रॉडच्या टोकाला आटे असतात आणि आट्यांवर नट. काटेवाल्यांच्या नजरेला दोन गोष्टी खुपल्या. एक म्हणजे नटावर पिवळ्या रंगाचा ठिपका पडला होता. दुसरं म्हणजे नटाच्या एका बाजूला आटे जास्त दिसत होते, दुसऱ्या बाजूला कमी. वजनकाट्याचा नट आट्यांच्या बरोबर मध्यावर बसायला हवा, नाहीतर काटा कधीतरी दगा देतो, हे त्यांच्या हाडीमासी खिळलेलं. पोरीचा हात घाईत चुकला असेल, त्यांना वाटलं, बोलून दाखवायचं कशाला, आपणच सावरून घेऊ. त्यांनी नट सैल केला, रॉड झाकणाला धरून ठेवणारी क्लिप काढली, रॉडचं टोक अडीच फेरे आत फिरवलं, क्लिप लावली, नट आवळला आणि रॉकेलच्या फडक्याने तो पिवळा ठिपकाही पुसून टाकला.

सून आली आणि इंजिन बघून हसली. "बाबा, यात तोंड बघून भांग पाडता येईल." बाबा एवढ्यावरच खूश.

चढ लागला तशी तिने गाडीला दम दिला. तिची नजर रस्त्यावर, काटेवाल्यांची नजर समोरच्या गोल डायलवर. डायलवरचा काटा टर्बोचा दाब दाखवायचा आणि तो वाचायचं काम त्यांचंच होतं. जोर लावला की काटा पॉइंट आठवर जाऊन थांबायचा. आज तो आठवर थांबला नाही. पॉइंट नऊ झाला, पुरता एक झाला, एकच्याही पुढे सरकला. काटेवाल्यांची छाती फुगली. आज काय ओढतेय पोरीची गाडी, असं त्यांच्या मनात आलं, आणि आश्चर्य म्हणजे चाळीस वर्षं काट्यावर पोट भरलेल्या माणसाच्या मनात दुसरं काहीच आलं नाही.

मग पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज आला. सुनेने तत्क्षणी पाय उचलला, पण उशीर झाला होता. गाडी थरथरायला लागली, आरशात निळसर धुराचा लोट दिसला. ती घाबरली असेल तर दिसलं नाही. क्लच दाबला, गिअर काढला, दोन्ही बाजूंचे दिवे लावले, गाडी घरंगळत कडेला घेतली आणि चावी फिरवून इंजिन बंद केलं. इंजिन बंद होताच ब्रेक दगडासारखा झाला, तिने दोन्ही पायांनी दाबून गाडी थांबवली आणि हँडब्रेक ओढला.

"एकदा चालू करून बघायची का?" काटेवाल्यांनी विचारलं.

"नाही बाबा. आत काही तुटलं असेल तर तो तुकडा उरलेलं इंजिन खाईल." तिने बॉनेट उघडलं. सकाळी लख्ख केलेल्या इंजिनावर सगळीकडे ऑइल उडालं होतं. बराच वेळ बघून तिने विचारलं, "तुमचं लक्ष होतं ना डायलवर? कितीवर होता काटा?"

तिचा चेहरा इतका उतरला होता की त्यांना भडभडून आलं. काटा एकच्या पुढे होता असं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग बोलला का नाहीत? 

"आठवरच होता," ते म्हणाले. "नेहमीसारखा."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काट्याचा आकडा खोटा सांगितला, आणि तोही कुणाला, तर ज्या पोरीने त्यांना पुन्हा माणसात आणलं तिला.

गाडी दुसऱ्या गाडीवर चढून घरी आली. सुनेने आधी टर्बो उतरवून फळीवर ठेवला, मग चारही प्लग काढले. तिसऱ्या प्लगवर चांदीच्या भुकटीसारखे बारीक कण होते. तिने एकेका सिलिंडरमधला दाब मोजला. बाकीचे तीन ठणठणीत, तिसऱ्याचा दाब उरलाच नव्हता. रविवारी इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उचललं तेव्हा तिसऱ्या पिस्टनची कड तुटलेली दिसली, उंदराने बिस्कीट कुरतडावं तशी.

"कशामुळे होतं गं असं?" काटेवाल्यांनी स्टुलावरून विचारलं.

"दोनच कारणं. एक तर दाब वाढतो, नाहीतर पेट्रोल कमी पडतं. दाब वाढायला हा रॉड आखूड व्हावा लागतो, म्हणजे झाकण उशिरा उघडतं." तिने फळीवरच्या टर्बोचा नट बोटाने हलवून पाहिला. तो हलला नाही. काटेवाल्यांनी आवळलेला नट हलणार कसा? "हा तर पक्का आहे. आणि काटा आठवर होता, तुम्ही पाहिलात. म्हणजे दाबाचा प्रश्नच नाही. पेट्रोलचं माझं गणित चुकलं."

 सगळं काटेवाल्यांना त्या क्षणी कळलं. आत्ता सांगतो, चहा झाल्यावर सांगतो, संध्याकाळी सांगतो, असं करता करता तीन दिवस गेले. त्यांना भीती वाटत होती ती सुनेच्या रागाची नाही. ती ओरडली असती तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. भीती त्या स्टुलाची होती. ती काही न बोलता ते स्टूल उचलून आत नेईल आणि आपण पुन्हा त्या खायला उठणाऱ्या घरात जाऊन बसू, हे त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

सून ते तीन दिवस आपल्या तक्त्यांपुढे बसून होती. चूक सापडत नव्हती, कारण चूक तिथे नव्हतीच. मंगळवारी संध्याकाळी जेवताना ती म्हणाली, "उद्या डॉक्टरांना फोन करते. गाडी होती तशी परत देते त्यांना. टर्बोचं काम मी आता नाही घेणार."

"अगं, एक इंजिन गेलं म्हणून?" नवरा म्हणाला. "मी किती जणांना चुकीच्या नंबरचे चष्मे दिलेत."

"चुकीच्या चष्म्याने पिस्टन फुटत नाही. आणि चूक कुठे झाली ते कळलं असतं तर एक वेळ चाललं असतं. मला कळतच नाहीये. दुसऱ्याच्या गाडीला कुठल्या तोंडाने हात लावू?" ती ताटाकडे बघत बोलत होती. "शोरूमवाले मागे बोलावत होते ना काउंटरवर. विचारून बघेन."

काटेवाल्यांनी हातातला घास ताटात ठेवला. हिच्या हातासारखा हात त्यांनी चाळीस वर्षांत चार-दोन माणसांचा पाहिला होता. तो हात आता काउंटरवर पावत्या फाडणार, आणि का, तर एका म्हाताऱ्याला आपलं स्टूल सुटत नाही म्हणून. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सकाळी सून गॅरेजमध्ये आली तेव्हा काटेवाले आधीच तिथे होते. स्टुलावर बसले नव्हते, उभे होते.

"फोन करू नकोस," ते म्हणाले. "तुझं गणित बरोबर आहे. रॉड मी फिरवला. तू ऑइल आणायला गेली होतीस तेव्हा. काटा आठवर नव्हता, एकच्या पुढे गेला होता. मी बघत होतो. तुला खोटं सांगितलं."

 सुनेच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यांना अजिबात अपेक्षित नव्हतं. ती हसली, थकलेलं, मायेचं हसू. जवळ येऊन तिने त्यांच्या दंडाला धरलं. "बाबा, मला बरं वाटावं म्हणून स्वतःवर घेताय होय? नका. तुम्ही आणि काट्याचा आकडा खोटा सांगाल? मी काय तुम्हाला ओळखत नाही?"

यापेक्षा तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. पोरीने इतका विश्वास टाकला होता की खरं बोललेलंही तिला खरं वाटेना. शेवटी त्यांनी तेच केलं जे ते आयुष्यभर करत आले होते.

"मोज," ते म्हणाले. "रॉड किती लांब ठेवला होतास?"

"एकशे अठरा मिलिमीटर. लिहून ठेवलंय."

"आटे एक मिलिमीटरचे आहेत. मी अडीच फेरे आत घेतलाय. एकशे साडेपंधरा भरेल. नटावर पिवळा ठिपका होता, तो मी पुसला. मला वाटलं, रंग सांडलाय."

पिवळ्या ठिपक्याचं ऐकून तिचा हात त्यांच्या दंडावरून सुटला. ती फळीपाशी गेली, टर्बो उचलून उजेडात आणला, बारीक माप घेणारं व्हर्निअर लावलं. एकदा मोजलं, पुसून पुन्हा मोजलं. साडेपंधरा. त्यात केसाचाही फरक नव्हता.

मग ती चिडली. दोन वर्षांत काटेवाल्यांनी तिचा असा राग पाहिला नव्हता. "तो ठिपका खूण होती, बाबा. कुणी हात लावू नये म्हणून केलेली खूण. आणि रॉडचं एक वेळ सोडा. तीन दिवस मी त्या कागदांपुढे डोकं फोडत होते, तुम्ही समोर बसून बघत होतात. मला वाटायला लागलं होतं की मला काही येतच नाही. कळतंय का तुम्हाला?"

"कळतंय," काटेवाले म्हणाले.  "मला वाटलं, तू मला इथून घालवून देशील."

 व्हर्निअर अजून तिच्या मुठीत होतं. डोळे पुसून तिने फोन उचलला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभी राहिली. काटेवाल्यांनी मनाची तयारी केली.

"डॉक्टर, तुमची गाडी ठरल्याप्रमाणे मिळेल," ती म्हणाली. "हो, माझं इंजिन गेलं, बरोबर ऐकलंत तुम्ही. नाही, माझे तक्ते चोख आहेत. कारण सापडलं. माझ्याकडच्या माणसाने न विचारता एक रॉड फिरवला होता."

पलीकडून डॉक्टर बराच वेळ काहीतरी बोलत होते. माणूस बदला, असं काहीसं असावं. काटेवाले मान खाली घालून ऐकत होते.

"छे हो, काढून कशाला टाकू?" सून म्हणाली. तिच्या आवाजात अजून राग होता. "चुका करणारे ढिगाने मिळतात, डॉक्टर. किती चुकलो ते अर्ध्या फेऱ्यासकट सांगणारा मला आजवर हा एकच भेटलाय."

फोन ठेवून ती वळली तेव्हाही तिच्या कपाळावरची आठी गेली नव्हती. जायला आठवडा तरी लागणार हे दिसत होतं, आणि काटेवाल्यांना तो आठवडा तिथेच, तिच्या रागासमोर बसून काढायचा होता.