रिकामी डोली परत येत नाही

मी डोली बोलतेय, कुडपणच्या वरल्या वाडीची. नवरी मिरवणारी नव्हे, आजारी माणूस वाहणारी. बांबूचा दांडा आणि त्याला बांधलेली घोंगडी, एवढंच माझं अंग. पण माझ्यापुढे कुणी मिशीला पीळ देऊ नये. तापानं फणफणल्यावर भलेभले मिशीवाले ‘आई गं’ करत माझ्यातच पडलेत.

गोमाजीनं मला बांधली तेव्हा वाडीला रस्ता नव्हता. दोघांनी खांदा द्यायचा, दगडधोंड्यांतून गाडीवाटेपर्यंत उतरायचं. आजारी माणूस पोलादपूरला गेला की मी परत. पण रिकामी कधीच नाही. रिकामी डोली दुसरा आजारी मागते, असं वाडी मानते. म्हणून ओढ्यातला धोंडा माझ्यात ठेवायचा आणि वर आणून गोमाजीच्या अंगणात टाकायचा. केवढा ढीग झाला त्यांचा!

एकदाच धोंडा लागला नाही. गोमाजीच्या सुनेला, दर्शनाला, कळा सुरू झाल्या आणि अर्ध्या वाटेत माझ्याच घोंगडीत सेजल जन्मली. “आता खाली कशाला मरायला? फिरवा मागं!” सासू तुळसानं हुकूम सोडला. भरल्या ओटीची मी वाडीत शिरले. काय तो दिवस!

आता रस्ता झाला. गोमाजी गेला. मी आढ्याला टांगलेली. सेजल डॉक्टर व्हायला निघाली, तर दोन ठिकाणी नंबर लागला. एक जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजात, दुसरा पुण्याला सैन्याच्या. सैन्याकडे शिक्षण फुकट. पण पुढं काही वर्षं ते धाडतील तिथं डॉक्टरकी करायची. पोर आठवडाभर नीट जेवली नाही.

“बर्फात जाऊन कुणाच्या नाड्या बघणार गो?” तुळसा कडाडली. “आमी काय मेलो? जन्मलीस कुठं, इसरलीस?”

“नाय इसरले. पण इथं शिकले तर बाबाला मुंबयत डबल ड्युटी करावी लागल. आणि जवान माणूस नाय काय? रमजानचाचाचा टेम्पो आंबेनळी घाटात दरीत गेला, तवा ह्याच डोलीतून वर आणलात ना? कुठला, कुणाचा, इचारलंत?”

महाडचा रमजान अजून ईदला शिरखुर्म्याचा डबा धाडतो, आणि झाकण पहिलं तुळसाच उघडते.

माझ्यात जन्मलेली पोर माझ्याच वाडीची, असा माझाही तोरा होता. पण तिनं माझंच उदाहरण दिलं आणि तो तोरा उतरला.

पुण्याला निघायच्या सकाळी तुळसा अंगणात गेली. ढिगातला लहानसा धोंडा पदराला पुसून तिनं सेजलच्या बॅगेत कोंबला.

“आजी, हे वजन कशाला?”

“आमची डोली कधी रिकामी नाय आली. तू पण येऊ नको. डॉक्टर झालीस की ह्यो घेऊन ये.”

गाडी वळणाआड गेली.

बाबांनो, मला चुलीत घालायचा विचार असेल तर थांबा. घोंगडी उंदरांनी कुरतडलीय, पण दांडा अजून ताठ आहे. ढिगात एका धोंड्याची जागा मोकळी आहे. ती भरलेली बघूनच मी खाली उतरेन.