बी ड्राइव्हमधली संतपूरची यादी

मित्रांनो, मी एक जुनी फ्लॉपी आहे. जुनी म्हणजे किती, तर अवघी पाच वर्षांची. माणसांत या वयाचं पोर नुकतं पाटी धरायला लागतं. आम्हा कॉम्प्युटरच्या वस्तूंना मात्र म्हातारपण लवकर येतं. सध्या १९९० साल चालू आहे. गुलबर्ग्यातल्या एका नेत्र दवाखान्यात, लाकडी कपाटाच्या खालच्या खणात, कागदी पाकिटात मी पडून असते. इथे डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. वेळ भरपूर आहे. अर्धवट झोपेत असावं तशी मी जुनं काही बघत राहते, आणि कुठलं आधी घडलं नि कुठलं नंतर, हे मलाच अधूनमधून कळेनासं होतं. पण एक गोष्ट मला नीट आठवते. तीच आज तुम्हाला सांगते.

माझं रूप साधं आहे. तळहाताहून थोडी मोठी, चौकोनी, काळी आणि लवचिक अशी मी. पोटात पातळ तपकिरी तबकडी आहे. अंगावरच्या जाकिटाला एक लांबट खिडकी ठेवलेली आहे. मशीनमध्ये सरकवलं की माझी तबकडी मिनिटाला तीनशे फेरे घेते आणि मशीनचं डोकं त्या खिडकीतून माझ्यावर लिहितं, माझ्यावरचं वाचतं. फिरताना कसं वाटतं, हे सांगणं अवघड आहे. पाळण्यात झोप लागता लागता जे वाटत असेल, तसंच काहीसं.

माझा कारखाना मला आठवत नाही. दहा बहिणी एका खोक्यात होतो, एवढंच. १९८५ मध्ये आमचं खोकं या दवाखान्यात आलं आणि ते नलिनीबाईंनी उघडलं. नलिनीबाई इथल्या टायपिस्ट. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, तेव्हा तोही त्यांच्याच टेबलावर बसला. त्यांनी मला कडेने धरलं, खिडकीला बोट लागू दिलं नाही, आणि लेबलवर निळ्या शाईने लिहिलं: 'संतपूर'.

त्या मशीनला फ्लॉपीसाठी दोन तोंडं, म्हणजे ड्राइव्ह, होती, ए आणि बी. ए मधल्या फ्लॉपीवरून सिस्टीमचा गाभा मशीनच्या मेंदूत चढायचा आणि दिवसभर तिथेच राहायचा. तो कुणाला दिसत नसे. पडद्यावर हिरव्या इंग्रजी अक्षरांत तुटक बोलायचा, तेवढाच. आम्ही बाकीच्या फ्लॉप्या बी मध्ये येऊन-जाऊन असायचो. बी मध्ये कोण आलंय, त्यावर काय आहे, त्यावर लिहिता येईल की नाही, हे माणसांना सांगायचं काम त्या गाभ्याचं. आम्हाला स्वतःचा आवाज नाही, मित्रांनो. तो आमच्याबद्दल जे सांगेल, ते लोक खरं धरतात.

त्या हिवाळ्यात दवाखान्याच्या डॉक्टर गुंडेरावांनी औराद तालुक्यातल्या संतपूरला, शाळेच्या वर्गांत, मोतीबिंदूचं शिबिर भरवलं. एकशे त्रेसष्ट माणसांची ऑपरेशनं झाली. त्या काळी ऑपरेशननंतर जाड भिंगाचा चष्मा लागायचा. पुष्कळ शिबिरांतून सगळ्यांना एकाच नंबरचा चष्मा वाटत. गुंडेरावांना ते पटत नसे. दीड महिन्याने ते पुन्हा संतपूरला गेले, एकेकाला समोर बसवून नंबर काढला आणि वहीत उतरवला. "ज्याचा त्याचा चष्मा," असं त्यांनी सगळ्यांना कबूल केलं होतं.

ती वही नलिनीबाई माझ्यावर चढवू लागल्या. नाव, उजवा डोळा, डावा डोळा. रोज वीस-पंचवीस माणसं माझ्या तबकडीवर येऊन बसत. मी फिरत असे आणि त्यांची नावं माझ्याबरोबर फिरत. संतपूर मी कधी पाहिलं नाही, पण मला वाटे, ते गाव असंच गोल असेल आणि सगळे एकमेकांच्या मागे चालत असतील.

एकशे बावन्न नावं झाली. शेवटच्या पानावरची अकरा उरली.

त्या दिवशी डॉक्टरांची जीप पुढच्या शिबिराला निघाली होती. वही सोबत हवी होती. नलिनीबाईंनी घाईघाईने शेवटचं पान टाइप केलं, बाहेर हॉर्न वाजला, तशी त्यांनी वही देऊन टाकली. मग त्यांच्या लक्षात आलं, बी मध्ये सकाळची पत्रांची फ्लॉपी तशीच आहे. त्यांनी ती काढली, मला सरकवलं आणि अकरा नावं ठेवून घ्यायचा हुकूम दिला.

मी फिरायला लागले. पण माझ्यावर काहीच उतरलं नाही. पडद्यावर अक्षरं आली: बीडॉस एरर ऑन बी, आर-ओ.

नलिनीबाईंनी घाबरून एक बटण दाबलं. पडदा रिकामा झाला आणि अकरा नावं गेली.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. मन्नाएखेळ्ळीला हॉटेलात चहाला थांबले होते, वही तिथेच बाकावर राहिली. परत जाऊन पाहिलं तर नव्हती. "तुमच्या मशीनमध्ये आहे ना सगळं?" त्यांनी विचारलं. नलिनीबाईंनी मशीन दुरुस्त करणाऱ्याला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी मशीन दुरुस्त करणारा वीरण्णा आला. माणूस चांगला, पण सदा घाईत. त्याने स्वतःची फ्लॉपी बी मध्ये घालून मशीन सुरू केलं, तिच्यावर काहीतरी लिहिलं, ते उतरलं. मग ती काढून मला घातलं. पुन्हा तीच अक्षरं.

"बघा अक्का, माझी चालायलीय, तुमची चालंना. फ्लॉपी गेली. फॉरमॅट मारून टाका, पुन्हा नव्यावानी होईल."

"आणि आतली नावं?"

"नावं पुसून जातील की. पण ती तशीबी सडलीच म्हणायची."

मित्रांनो, माझ्यात काही सडलं नव्हतं. एकशे बावन्न माणसं जागच्या जागी होती. पण हे मी कुणाला आणि कसं सांगणार? नलिनीबाईंनी मला मशीनमधून काढलं. "उद्या बघते," असं म्हणून त्यांनी मला पाकिटात ठेवलं.

डॉक्टर परत आले. सगळं ऐकून खुर्चीत बसले. म्हणाले, "सोलापूरच्या भिंगवाल्याला कळवा नलिनीबाई, सगळ्यांना दहा नंबर. किती दिवस थांबवायचं लोकांना?"

पत्र टाइप व्हायच्या आतच संतपूरहून चंद्रम्मा आली. वाकळा शिवून पोट भरणारी बाई. ऑपरेशन झालं, पट्टी सुटली, पण चष्म्याशिवाय सुईत धागा जाईना, म्हणून बस धरून थेट दवाखान्यात. डॉक्टरांनी टेबलावरचा दहा नंबरचा नमुन्याचा चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. तिने पदराला टोचलेली सुई काढली, धागा ओठात ओला केला आणि प्रयत्न केला. एकदा, दोनदा, पुष्कळदा.

"न्हाई जमंना, डाक्टरसाब. समदं पाण्यात बुडाल्यावानी दिसायलंय. तुम्हीच म्हणलाव नव्हं, ज्याचा त्याचा चष्मा?"

"हिचा नंबर पुन्हा काढेन, पण बाकीच्यांचं काय?" असं पुटपुटत डॉक्टर आत निघून गेले.

चंद्रम्माची बस दुपारनंतर होती. ती नलिनीबाईंच्या टेबलाशी बसून राहिली. नलिनीबाई मला हातात घेऊन नुसत्या बघत होत्या.

"काय म्हणायलंय ते मशीन?" चंद्रम्माने विचारलं.

"म्हणतंय, हिच्यावर लिहिणार नाही."

"कामून? वळख न्हाई म्हणून?"

"म्हणजे?"

"आमच्या गल्लीत नवं माणूस आलं की कुत्रं भुंकतंय. म्हणून माणूस चोर असतंय व्हय? कुणी पुढं होऊन सांगावं लागतंय, बाबा, आपलंच माणूस हाय."

नलिनीबाई एकदम सरळ बसल्या. त्यांनी मला बी मध्ये घातलं आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. या वेळी मी आधीपासून आत होते. त्यांनी माझ्यावर एक ओळ लिहून पाहिली. उतरली! मग मला काढून खोक्यातली कोरी करकरीत फ्लॉपी घातली आणि तिच्यावर लिहायला सांगितलं. लगेच तीच अक्षरं आली: बीडॉस एरर ऑन बी, आर-ओ.

"चंद्रम्मा," नलिनीबाई हळूच म्हणाल्या, "ही तर आजच उघडलीय. ही कशी खराब असेल? जी मागून येते, तिलाच हा अडवायलाय."

त्यांनी मशीनबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक काढलं. इतके दिवस त्याची चार पानंच वाचली होती. आता बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या, आणि फ्लॉपी बदलण्याच्या पानावर त्यांना ते सापडलं. बी मध्ये कुठे काय लिहिलंय आणि कुठे जागा मोकळी आहे, याचा नकाशा गाभा मनात धरून ठेवतो. न सांगता फ्लॉपी बदलली तर नकाशा एकीचा आणि तबकडी दुसरीची, असं होतं. त्या नकाशाने लिहिलं तर आतलं सगळं विस्कटून जाईल. म्हणून तो लिहिणं थांबवतो. बीडॉस हे त्या गाभ्याचंच नाव, आणि आर-ओ म्हणजे फक्त वाचा. कंट्रोल आणि सी ही बटणं एकदम दाबली की तो नव्या फ्लॉपीची ओळख नव्याने करून घेतो.

तो मला वाईट म्हणत नव्हता, मित्रांनो. त्याने माझ्यावरची माणसं वाचवली होती. फक्त त्याला एवढंच बोलता येत होतं.

नलिनीबाईंनी मला पुन्हा घातलं, दोन बटणं दाबली आणि यादी मागितली. प्रिंटर करकरत सुरू झाला. कागद टेबलावरून खाली गेला, जमिनीवर घड्या पडू लागल्या. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले आणि ओणवे होऊन वाचू लागले.

"माझं नाव हाय का बघा की," चंद्रम्मा म्हणाली.

नलिनीबाईंनी शेवटपर्यंत पाहिलं. ते नव्हतं. चंद्रम्मा त्या अकरांतली होती. नलिनीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "चूक माझी आहे, चंद्रम्मा. घाई मी केली."

"वही मी विसरलो," डॉक्टर म्हणाले. "चला चंद्रम्मा, आत चला. पुन्हा बघू."

तिचा नंबर साडेअकरा निघाला. तो त्याच दिवशी माझ्यावर लिहिला गेला. पुढच्या आठवड्यात डॉक्टर पुन्हा संतपूरला गेले. राहिलेल्या दहांपैकी नऊ जण सापडले. दहावा बंडेप्पा. तो लेकीकडे गेला होता, जहिराबादच्या बाजूला कुठेतरी. लेकीच्या गावाचं नाव कुणालाच सांगता आलं नाही.

महिन्याभराने चष्मे आले. आपला चष्मा घालून चंद्रम्माने दवाखान्याच्या व्हरांड्यात सुई ओवली. मग मान वर करून नलिनीबाईंकडे बघतच राहिली. "अगं बया! एवढी बारकी हायीस व्हय तू? मला वाटलं, चांगली म्हातारी असशील." सगळे हसले, नलिनीबाई तर फारच.

त्यानंतर नलिनीबाई माझी एक प्रत दुसऱ्या फ्लॉपीवर नेहमी ठेवू लागल्या. कुणी घाई केली तरी, नाव माझ्यावर उतरल्याखेरीज त्या हातातला कागद सोडत नसत. गेल्या वर्षी नवं मशीन आलं. त्याची चाल वेगळी, त्याला माझी लिपी कळत नाही. माझ्यावरचं सगळं छापील यादीवरून त्याच्यात उतरवून झालं आणि मला या खणात जागा मिळाली. तक्रार नाही. मी अजून फिरते, असं मला वाटतं. मग लक्षात येतं, ते स्वप्न होतं.

मित्रांनो, तुमच्याही हाती उद्या अशी मशीनं येतील. ती काही बोलली तर भिऊन बटण दाबू नका. शेवटपर्यंत वाचा, नाही कळलं तर शेजारी बसलेल्याला विचारा. जे मोलाचं असेल, ते दोन जागी ठेवा. आणि जहिराबादच्या बाजूला कधी गेलात, आणि कपाळावर हात धरून चेहरे ओळखू पाहणारा एखादा म्हातारा भेटला, तर त्याला विचारा, तुम्ही संतपूरचे बंडेप्पा का? हो म्हणाला तर सांगा, गुलबर्ग्याला या. डॉक्टर अजून आहेत. नंबर पुन्हा काढून देतील.