डोरीनच्या अंगणातला बॉयलर

मी डोरीनचा गॅसचा बॉयलर बोलतोय. परवापरवापर्यंत स्वयंपाकघराच्या भिंतीवर रुबाबात टांगलेला होतो. आता मागच्या अंगणात कचऱ्याच्या डब्याला टेकून पडलोय. भंगारवाला यायचाय.

इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावातल्या या जुन्या दगडी घरात डोरीनच्या नवऱ्याने, व्हर्ननने, मला आणलं तेव्हा माझं कोण कौतुक झालं! पोटात ज्योत पेटवायची, पाणी तापवायचं आणि खोल्याखोल्यांतल्या लोखंडी रेडिएटरांत खेळवायचं, हे माझं काम. पुढे व्हर्नन गेला, गॅस महागला आणि मीही कुरकुरायला लागलो. डोरीनने वरच्या खोल्या बंद केल्या, पलंग स्वयंपाकघरात आणला. त्यात बाईला दमा. हिवाळाभर तिची छाती वाजायची आणि मला ऐकवत नसे.

लीड्सला राहणारी तिची मुलगी बेव्हर्ली दर खेपेला तेच म्हणायची, "आई, घर वीक आणि माझ्याकडे चल. गारठून मरशील इथे!"

"मरेन तर माझ्या घरात मरेन."

शेवटी मायलेकींचं ठरलं. माझ्या जागी नवं यंत्र बसवायचं. ख्रिसमसपर्यंत घर ऊबदार झालं नाही, तर डोरीनने मुकाट्याने लीड्सला जायचं.

शाझिया नावाची तरुण मिस्त्रीण आली. तिने खिडक्यांच्या फटी बुजवल्या, माळ्यावर ऊब धरून ठेवणारी जाड लोकर अंथरली, मला उतरवलं आणि अंगणात पंख्याची एक पेटी बसवली. हिला हीट पंप म्हणतात. ही विजेवर चालते आणि बाहेरच्या थंड हवेतूनच ऊब ओढून घरात देते म्हणे. अंगणात पाणी गोठत होतं. मला हसूच आलं.

आणि घर खरंच गारठलं. माझ्या वेळी डोरीन सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर बटण लावायची आणि लगेच बंद करायची. आयुष्यभराची काटकसर ती! नव्या पेटीलाही तिने तोच नियम लावला. रेडिएटर नुसता कोमट. डोरीन रडवेली होऊन बॅग भरायला लागली.

शाझियाने येऊन पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो आजी, हिला बंद करायचंच नसतं! ही मंद मंद, दिवसरात्र चालते. तरच भिंती तापतात."

"रात्रभर चालू? माझी आई थडग्यातून उठून कान पिळेल माझा!"

"मग तिलाही चहा द्या. पण बटण सोडा!"

त्या संध्याकाळी मी अंगणातून खिडकीत बघत होतो. डोरीन दर थोड्या वेळाने बटणाशी जायची, बोट उचलायची आणि माघारी फिरायची. सत्त्याहत्तराव्या वर्षी हाडीमाशी खिळलेली सवय मोडणं सोपं नाही हो. मला तिचा फार अभिमान वाटला. शेजारच्या पेटीचंही मानलं पाहिजे. आदळआपट नाही, धूर नाही. दगडी भिंतींना हळूहळू तिने आपलंसं केलं. मला ते इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

आज ख्रिसमसचा आदला दिवस. बेव्हर्ली रिकाम्या बॅगा घेऊन आली. स्वयंपाकघरात पलंग नव्हता.

"आई? कुठे आहेस?"

"वर ये गं! माझ्या खोलीत!"

वरच्या खिडकीचा पडदा सरकला. पातळ ब्लाउज घातलेली डोरीन दिसली, आणि तिच्यामागे बेव्हर्ली.

बाहेर भंगारवाल्याची गाडी थांबलीय. न्या मला, खुशाल वितळवा. माझ्यासारखे अजून भिंतींवर असतील, त्यांनाही वेळेवर निरोप द्या. आम्ही रागावत नाही. फक्त क्षणभर थांबा, मला वर बघू द्या. आईच्या घरी आल्यावर बेव्हर्ली आज पहिल्यांदाच अंगातला कोट काढतेय.