बत्तीस नंबरची टोपी

मी एक जुनी पांढरी टोपी आहे, मित्रांनो. बिस्किटांच्या कारखान्यातली. शिवणाऱ्या बाईने माझ्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याने बत्तीस आकडा घातला आणि मी वजनकाट्यावरच्या ताईंच्या वाट्याला आले.

ताईंच्या धर्मात बायका परक्यांसमोर डोकं उघडं ठेवत नाहीत. त्या डोक्याला पांढरा रुमाल घट्ट बांधायच्या आणि त्यावर मला चढवायच्या. रोज घरी नेऊन धुवायच्या. स्वच्छतेसाठी त्यांचं नाव तीनदा फळ्यावर लागलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं होतं!

मग नवे साहेब आले.

"टोपीखाली काही चालणार नाही. नियम सगळ्यांना सारखा."

"साहेब, टोपी घालतेच की मी. एक केस बाहेर दिसला तर सांगा."

"वरच्या ऑफिसला अर्ज कर. उत्तर येईपर्यंत घरी बस."

ताईंनी एक तारखेला अर्ज दिला. घरी त्या आणि त्यांचे वडील, दोघंच. वडिलांना दिसत नव्हतं. लेक कामाला निघाली की ते तिच्या डोक्यावर हात ठेवत, रुमालाची गाठ चाचपत आणि म्हणत, "जा, नीट जा." घर ताईंच्याच कामावर चालायचं. रोज सकाळी त्या फाटकाशी जाऊन विचारायच्या, "आलं का उत्तर?" साहेब नकारार्थी मान हलवायचे. तेराव्या दिवशी म्हणाले, "उद्या तुझ्या जागी दुसरी बाई घेतोय."

त्याच दिवशी ताईंनी फाटकाआड उभं राहून रुमाल सोडला. मी पहिल्यांदाच त्यांच्या केसांवर बसले.

पुड्यांवर शिक्के मारणारी बाई खो खो हसली. "अगं बाई, एवढे पिकलेत होय! म्हणून झाकत होतीस तर!" सगळा विभाग हसला. ताईंनी वजनं केली. एकही पुडा चुकला नाही.

घरातून त्या रुमाल बांधूनच निघायच्या आणि फाटकाशी सोडायच्या. पण शिक्केवाली त्यांच्याच गल्लीत राहायची. तिने जाऊन वडिलांच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी ताई नेहमीसारख्या वाकल्या. वडिलांनी हात मांडीखाली घेतला.

पुढच्या महिन्यात वरच्या ऑफिसातल्या बाई तपासणीला आल्या. ताईंना पाहून थबकल्या. "वजनकाट्यावरच्या बाईंना रुमालाची परवानगी दिली होती ना आम्ही?"

साहेबांनी टेबलाचा खण उघडला. पाकीट वरच होतं. "अरेच्चा, द्यायचं राहूनच गेलं!" ते हसले. बाई पुढच्या विभागाकडे वळल्या.

ताईंनी पत्र घेतलं, तिथल्या तिथे रुमाल बांधला आणि संध्याकाळी धावतच घर गाठलं. मी पिशवीत होते. त्यांनी वडिलांना पत्र वाचून दाखवलं, अगदी पहिल्या ओळीपासून. पहिल्याच ओळीत तारीख होती, पाच.

"पाच तारखेला परवानगी आली?" वडिलांनी विचारलं. "आणि तू रुमाल काढलास तेराला?"

"बाबा, मला मिळालंच नव्हतं हो! साहेबांनी खणात ठेवलं होतं."

"परवानगीचं पत्र कोणी खणात ठेवतं का? निदान खोटं तरी नीट बोल." ते भिंतीकडे तोंड करून निजले. पुढे दोन वर्षं जगले, पण लेकीच्या डोक्यावर हात म्हणून ठेवला नाही.

आता माझी शिवण उसवली आहे. ताई माझ्याने काटा पुसतात. साहेबांना बढती मिळाली.

मित्रांनो, मोठे झालात की तुमच्याही टेबलाला खण असेल. त्यात कुणाच्या नावाचा कागद आला, तर तो त्याच दिवशी त्याच्या हातात द्या. चहासुद्धा नंतर प्या.